सुभेदारांचा घेवडा

योझगात, रविवार

आदरणीय हिक्मेत दाजी,

आधी तुमच्या आणि ताईच्या हातांचा मुका घेतो, मग मुलांच्या डोळ्यांचा. इझमिरच्या दमट हवेत तुमचा गुडघा कसा आहे? दवाखाना जोरात चालत असेलच (दात देतो देव, पण काढायला तुम्हीच लागता). इकडे सगळं क्षेमकुशल आहे. फक्त आपल्या जेलालचं लग्न मोडता मोडता राहिलं, आणि तेही लष्करापायी.

आमचा भाऊ गेल्यापासून त्या पोराचा वडीलधारा मीच, तेव्हा मुलगी मागायला मीच गेलो. मुलगी नेस्लिहान, चांगली आहे. वडील नेजाती बे लष्करातून सुभेदार म्हणून निवृत्त झालेले. त्यांची सगळी हयात पलटणीच्या भटारखान्यावर गेली, हे मात्र आम्हांला कुणी सांगितलं नव्हतं (विचारलं आम्हीही नव्हतं). अल्लाच्या आज्ञेने, पैगंबरांच्या वचनाने वगैरे मागणीचे ठरलेले शब्द मी म्हणून घेतले. मुलीने कॉफी आणली. नवऱ्या मुलाची परीक्षा म्हणून, रिवाजाप्रमाणे, जेलालच्या कपात मूठभर मीठ. पठ्ठ्याने भुवईसुद्धा न हलवता तळापर्यंत प्यायली. सुभेदार खूश झाले आणि त्यांनी विचारलं, "मग, शिपाईगिरी कशी झाली, पोरा?" आता हा काही उत्तर द्यायचा प्रश्न नव्हे. "छान झाली, साहेब" म्हणायचं आणि पावसापाण्यावर यायचं. पण आमचे चिरंजीव वसंतातच सक्तीची नोकरी संपवून परतलेले, जीभ नुकतीच मोकळी सुटलेली. म्हणाले, "बाकी ठीक, पण घेवड्याच्या उसळीत खडे फार."

सुभेदारांचा चेहरा बीटासारखा झाला. "लष्कराबद्दल बाहेरच्यांनी बोलायचं नसतं!"

"मी वर्षभर आतच होतो, साहेब. तेव्हा बोलायची सोय नव्हती."

"देशाच्या रक्षणाचा प्रश्न आहे हा!"

"पण खडे काही शत्रूने टाकले नव्हते."

दाजी, या विषयावर माझं मत स्वच्छ आहे. चहाच्या दुकानात जो तो आपल्या हवालदाराला यथेच्छ शिव्या घालतो, आणि तेच वर्तमानपत्रात छापून आलं की तोच माणूस खवळून उठतो, हे काही खरं नाही. जे आपली पोरं नेतात त्यांना आपण चार प्रश्न विचारलेच पाहिजेत. हे मत मी त्या खोलीत अत्यंत ठामपणे मनात ठेवलं आणि दाराशी आपले बूट कुठे आहेत ते पाहू लागलो. जेलाल मुलीकडे पाहत होता, मुलगी जमिनीकडे. मला दोघांचीही फार दया आली.

तेवढ्यात स्वयंपाकघरातून शुक्रान हानिम, म्हणजे मुलीची आई, एप्रनला हात पुसत बाहेर आल्या. "पोरा, पुन्हा सांग. काय होतं घेवड्यात?"

"खडे, काकू."

त्या मटकन बसल्या. "तीस वर्षं! तीस वर्षं हा माणूस माझ्या घेवड्याला नावं ठेवतोय. 'आमच्या पलटणीतला खाऊन बघ' म्हणे! माझ्या उसळीबद्दल रोज बोललेलं चालतं, मग पलटणीच्या उसळीला काय सोनं लागलंय? नेस्लिहान, अंगठ्या आण!"

लग्न पुढच्या महिन्यात आहे.

आपला मेहुणा,
रुश्तू

ता.क. सुभेदारांनी अजून हार मानलेली नाही. लग्नातला घेवडा ते स्वतः पलटणीच्या पद्धतीने रांधणार आहेत. परवा चव बघायला मला बोलावलं होतं. मी म्हणालो, "सुभेदारसाहेब, असा घेवडा जन्मात खाल्ला नाही." यात खोटं काहीच नाही.

आणखी ता.क. पत्र लिहायचं खरं कारण असं की माझी डावीकडची खालची दाढ उभी चिरली आहे. गुरुवारच्या बसने येतो, ताईला पातळ सूप करायला सांगा. कुणी विचारलं तर अक्रोडाने तुटली म्हणा. जेलालला तर मुळीच कळू देऊ नका, तो बोलून दाखवेल. दाढेचा तुकडा रुमालात बांधून आणतो आहे. खडा मात्र सुभेदारांच्या देखत गिळला.