समुद्रातला धुरा

५ फेब्रुवारी, वाशिम
वहीची माफी मागायला हवी. दिवाळीपासून एक ओळ नाही. लिहायला बसलं की विज्याचंच लिहावं लागेल, म्हणून टाळत राहिलो.

शेलूबाजारला जीपची इंजिनं दुरुस्त करणारा माझा धाकटा भाऊ, परदेशी मासेमारी जहाजावर मेकॅनिक झाला आणि आफ्रिकेच्या किनाऱ्यावर पकडला गेला. परवाना नसताना दुसऱ्या देशाच्या हद्दीत मासेमारी. आई अजून विचारते, "समुद्रात कुठी धुरा असते काय?" मी शेतांच्या हद्दी मोजण्याची नोकरी करतो. धुरा म्हणजे हद्दीचा बांध; तो नसतो असं तिला कसं सांगू?

आज गुरुवार, अडकवून ठेवलेल्या जहाजावरून त्याचा आठवड्याचा फोन. जहाज कुठे आहे ते दाखवणारं यंत्र पकडले गेले त्या वेळी बंद होतं.
"मीच बंद केलं, दादा. कॅप्टननं सांगतलं. हद्दीत शिराचं असलं का बंदच करतो आमी."
कंपनीचा वकील म्हणतो, बिघडलं होतं असं कोर्टात सांग. कंपनी दंड भरेल, सगळे सुटतील. खरं सांगितलं तर विज्याही तुरुंगात.
"तू सांग, काय सांगू?"
"पुढच्या गुरुवारी बोलू," म्हणालो. मोठा भाऊ!

७ फेब्रु.
विज्या पहिल्या सुट्टीत आला तेव्हा रंगवून सांगत होता. त्यांच्या जाळ्यात एका ओढीत निघतं तेवढं तिथल्या होडीवाल्यांना महिनाभर मिळत नाही. लहान, न खपणारे मासे मेलेलेच परत पाण्यात. आई म्हणाली, "फेकता कायले? कोणाले देऊन द्या ना." सगळे हसलो. मीही. त्या होडीवाल्यांचं काय होत असेल, हे तेव्हा मनातसुद्धा आलं नाही.

९ फेब्रु.
किन्हीराजा गावात मोजणी. सोंगून नेलेल्या हरभऱ्याचं रान. धुरा चांगला दोन फूट शेजाऱ्याच्या वावरात सरकवलेला. शेतमालक म्हणाला,
"म्या नाई कोरला सायेब, ट्रॅक्टरवाल्याची चूक हाये."
मी ऐकून घेतलं नाही, अतिक्रमण दाखवलं. खुणा रोवताना तो म्हणाला, "आमाले हद्द शिकवता. तुमचा भाऊ कोनाच्या वावरात घुसला होता, सायेब?" जमलेले सगळे हसले.
मोजणी बरोबर आहे. घरी येऊन पुन्हा तपासली. बरोबरच आहे.

११ फेब्रु.
परवा कोर्ट. विज्याची बायको सुनंदा भाकरी थापता थापता, मान वर न करता बोलली.
"दादा, तुमच्याच्यानं खोटं बोलनं होत नसन तं तुमी नका बोलू. मी सांगीन त्यायले, बिघडलं होतं म्हना."
"तिकडचे होडीवाले..."
"त्यायचं मले काय करा लागते? माह्या पोरीनं बापाले दोन वर्सं झाले, मोबाइलातच पायलं."
आई चुलीपाशी बसून होती. तिने माझ्याकडे पाहिलंही नाही.

खरं लिहायचं तर मला सुटल्यासारखं वाटलं. खोटं बोललं जाईल, विज्या घरी येईल आणि मी काहीच बोललेलो नसेन. सुनंदाच्या खोट्यापेक्षा माझं हे सुटणं हीन आहे, एवढं समजतं. विज्याला काय सांगायचं, ते अजूनही ठरलेलं नाही.

उद्या गुरुवार : विज्याचा फोन सुनंदाच्या हाती जाऊ द्यायचा नाही. मीच उचलायचा.