आधी हात फिरव

अब्बा,

दुखान गावातल्या कंपनीच्या क्वार्टरमागे तुम्ही लाकूड तासत बसायचात, ती जागा मी मागच्या शुक्रवारी जाऊन बघून आले. आता तिथे कुणाची तरी गाडी उभी असते. आठवडाभर कंपनीचं सुतारकाम करून सुटीच्या दिवशीही तुमचा रंधा चालूच असायचा. एकदा तो माझ्या हातात दिलात आणि मी घाईघाईने उलट्या बाजूने मारला. फळीच्या कपच्या निघाल्या. "अगो, आधी हात फिरव! रेषा कुठं जातात त्या बघ, मग यल्ला, चालव!" दुपारभर ती फळी तुम्ही पुन्हा गुळगुळीत करत बसलात. संध्याकाळी तोच रंधा पुसून मला देऊन टाकलात. दोहातल्या लॅबमध्ये तो माझ्या टेबलावर असतो.

मी कॉम्प्युटरवर हृदय चालवते. त्याच्या स्नायूलाही लाकडासारख्या रेषा असतात. भिंतीच्या आतल्या अंगाला त्या एकीकडे कलतात, मध्ये आडव्या होतात, बाहेर उलट्या कलतात. म्हणून हृदय ओल्या फडक्यासारखं पिळलं जातं. जागोजागी तीन दिशा सांगाव्या लागतात: रेषेच्या लांबीची, स्नायूच्या थरातच आडवी, आणि थराला छेदून जाणारी. साध्या स्कॅनमध्ये आकार दिसतो, रेषा दिसत नाहीत. त्या आम्ही नियमाने भरतो, म्हणजे खरं तर अंदाजाने.

बारा वर्षं कपाटात पडलेली तुमच्या हृदयाच्या स्कॅनची सीडी या महिन्यात मी बाहेर काढली. अम्मीला सांगितलं नाही. तुमचं हृदय स्क्रीनवर उभं केलं आणि घाईत रेषांचे आतले-बाहेरचे कोन उलटे भरले. प्रोग्रामने चकार शब्द काढला नाही. हृदय चाललं, पण पीळ उलटा. भर लॅबमध्ये तुमचं ओरडणं अगदी कानाशी ऐकू आलं. कोन सुधारले. आता ते नीट पिळलं जातं, आणि मला ते बंद करवत नाही. घरी आले तरी ते चालूच असल्यासारखं वाटतं.

हॉस्पिटलात नेलं, स्कॅन झालं आणि दुसऱ्याच दिवशी तुम्ही गेलात. त्याच्या आदल्या आठवड्यात तुम्ही माझ्या दारात छाती चोळत उभे होतात. "गॅस झालाय गो. उतरंल, इन्शाल्ला. तू लिही." मी हृदयावरचाच प्रबंध लिहीत होते, सकाळी प्रकरण द्यायचं होतं. सगळ्यांना मी सांगत आले की मलाही तो गॅसच वाटला.

हा कागद रंध्याखाली ठेवते, दुसरीकडे कुठे पाठवणार? तो गॅस नव्हता हे मला तेव्हाच कळलं होतं, अब्बा. मी "बरं" म्हणाले आणि लिहीत राहिले.