छताखालची पट्टी

मी, एल्वुड गॅस्किल, वय सत्त्याहत्तर, धंदा हौशी गिऱ्हाइकांना बोटीतून मासेमारीला नेणे, राहणार हार्कर्स आयलंड, नॉर्थ कॅरोलायना, लिहून ठेवतो की माझे डोके ठिकाणावर आहे. तसे दाखले दोन डॉक्टरांचे घेतले आहेत, कारण एकावर माझा विश्वास नाही.

१. राहते घर मुलगी जूनी हिला. तिच्या नवऱ्याचे नाव कागदावर चढवू नये. गेल्या नाताळात तो पावलांनी अंगण मोजत होता. विचारले तर म्हणाला, "व्यायाम करतोय."

२. हत्यारांची पेटीही जूनीला. कुलूप बदलले आहे; किल्ली वकिलाकडे नाही.

३. बोट. इथे कारण लिहिणे भाग आहे. एकोणीस वर्षांपूर्वी धाकटा भाऊ हार्लन याने बोटीच्या फायबरच्या छतावर आउटरिगर बसवले, म्हणजे गळाच्या दोऱ्या एकमेकींत गुंतू नयेत म्हणून दोन्ही बाजूंना पसरणाऱ्या लांब काठ्या. मी समोर बादली उपडी घालून पहारा देत होतो. एकदाच फोन वाजला म्हणून घरात गेलो.

दोन वर्षांनी ऑगस्टमध्ये भर समुद्रात लाटेच्या हिसक्याने डावी काठी बुडासकट उखडली. माझी बायको लोरेटा हिच्या खांद्यावर आदळून काठी पाण्यात गेली. लोरेटाचा उजवा हात पुन्हा कधी डोक्यापर्यंत पोचला नाही. तिचे केस शेवटपर्यंत मी विंचरले.

धक्क्यावर सगळ्यांदेखत मी हार्लनला म्हणालो, "मी फोनवर होतो तेव्हा आतली आधाराची पट्टी गाळलीस तू!"

"दोन्हीकडे घातलीय, एल्वुड. छत उघडून बघ."

"बघायला उरलंय काय?"

काठी उखडून छताला पडलेले भगदाड मी तसेच बुजवून टाकले. बोलणे संपले. लोरेटाच्या दफनाला तो शेवटच्या बाकावर बसला, तेव्हाही मला वाटले, हा कशाला आला असेल?

यंदा एप्रिलमध्ये छत गळू लागले, म्हणून आतले अस्तर कापले. उजवीकडे पट्टी जागच्या जागी होती. डावीकडे फायबरवर तिचा चौकोनी ठसा होता, म्हणजे पट्टी होती; काठीबरोबर समुद्रात गेली. भोवतीचे, फायबरच्या दोन थरांमधले लाकूड भिजल्या पावासारखे झाले होते. पाणी शेजारच्या भोकातून मुरले होते. ते भोक हार्लनचे काम झाल्यावर रेडिओच्या अँटेनासाठी मी पाडले होते, आणि खिडकीच्या काचांना लावायच्या पुट्टीने बुजवले होते.

मी हार्लनकडे गेलो. तो अंगणात खेकडे सोलत होता.

"ते भोक मला अपघाताच्या दुसऱ्याच दिवशी दिसलं होतं," तो म्हणाला.

"मग तोंड का शिवलंस?"

"लोरेटानं शिवलं. म्हणाली, 'त्याला कळलं तर तो जेवणखाण सोडेल. तुझ्यावर चिडलेला असला की निदान दोन घास खातो.'"

हे वाक्य तिचेच, यात मला शंका नाही. शंका नाही अशी एवढीच एक गोष्ट.

म्हणून बोट हार्लनला, कसलीही अट न घालता.

ज्याला काही मिळायचे त्याने सहीच्या वेळी खोलीत असू नये, असे वकील म्हणतो. म्हणून हार्लन बाहेर गाडीत बसला आहे. मी तीनदा पडदा सारून पाहिले. अजून आहे.

वरील मजकूर मी स्वतः वाचला, मग साक्षीदारांकडून मोठ्याने वाचून घेतला. जुळला.

सही: एल्वुड गॅस्किल
साक्षीदार: १. व्हर्ना पिगॉट, शेजारीण २. ओटिस फुल्चर, बोटबांधणी
हार्कर्स आयलंड, ९ ऑक्टोबर २०१९