घोड्याकडून उसनं

ग्वाल्हेर, मंगळवार संध्याकाळ

फार दमले आज. बाबांना किला गेटपाशी कुत्रं चावलं. लस दिली, पण लसीनंतर शरीराला स्वतःच्या अँटीबॉडी बनवायला वेळ लागतो, म्हणून डॉक्टरांनी जखमेत तयार अँटीबॉडीही टोचल्या, घोड्याच्या रक्तातल्या. त्या दोन हातांनी विषाणूला धरून ठेवतात, मज्जातंतूंत शिरू देत नाहीत. "घोड्याच्या? मग फिकीरच नाही," बाबा म्हणाले. मग रिक्षात बाड्याच्या चौकापर्यंत पणजोबांच्या घोडदळाच्या गोष्टी. सुई जखमेत जाताना मात्र माझं बोट आवळून धरलं होतं.

उसन्या अँटीबॉडी थोडेच दिवस पुरतात म्हणे, तोवर स्वतःच्या तयार होतात. होतील ना? आई गेल्यापासून बाबांना साधा वरणभात लावायला जमलेला नाही. बोट अजून ठणकतंय. माझी रजा रविवारी संपते.