हिलालच्या लग्नाची सुरी

२६ एप्रिल १९५४, अमळनेर

हिलालच्या लग्नाची सुरी करायची म्हणून आबांनी भुसावळहून मोटारीच्या कमानीचा जुना पाटा आणला. हळद लागली की नवरदेवाच्या हातात सुरी हवीच, टोकाला लिंबू खोचलेली. आम्ही लोहार, आमचा नवरदेव बाजारची सुरी धरणार का!

मी घण उचलला. रोज मीच मारते. तर आत्या चुलीवरची भाकरी टाकून बाहेर आली — "तानू, लगीननी सुरीले तू हात नको लावू."

रीतच आहे. विधवेचा हात शुभकार्याच्या वस्तूला नको. पण माझा सख्खा धाकटा भाऊ तो! घण ठेवला. आबांनी खाली बघत भाता ओढायला घेतला. त्याचाच जास्त राग आला.

२९ एप्रिल

घणावर शेजारचा निंबा. मी ओसरीत गहू निवडत बसले. घाव तिरका पडतो त्याचा, इथवर कळतं. अख्ख्या गावाच्या विळ्यांना माझा हात चालतो.

१ मे

लाल पातं बुडवून पाणी दिलं आणि सुरी वाकली. मधोमध बाक. पातळ पात्याचं असं होतंच. गार असताना ठोकलं तर काचेसारखं तुटतं. निखाऱ्यावर जांभळा रंग चढेपर्यंत धरायचं, मग गरम आहे तोवर ओंडक्याच्या खाचेत घालून हळूहळू दाबायचं. आबांनीच शिकवलंय.

आबांनी एक डोळा मिटून पातं दाराकडे धरलं. "सीधी शे," म्हणाले.

सीधी कुठली! मला ओसरीतून बाक दिसत होता.

२ मे

आबांचे डोळे गेले. विचारलं तर म्हणाले, "आते माले काय दिखस, बेटा." किती सहज! आई गेली, धनी गेले, आता आबांची नजर. लग्नात सगळे लोहार जमतील, वाकडी सुरी बघून हसतील. आबांना कुणी हसलेलं मला सोसायचं नाही.

५ मे

आखाजीचा सण. पोरी झोक्यावर गात होत्या. मी गेले नाही.

६ मे

दुपारी आबा आत्याला घेऊन आमंत्रणं करायला गेले. भट्टीत निखारे तसेच, सुरी ऐरणीवर. हल्ली विस्तव झाकायलाही विसरतात.

दार अर्धं लोटलं. पातं तापवलं, खाचेत घातलं. माझ्या हातानं हिलालला काही झालं तर? "नवऱ्याला गिळलंस," असं सासूबाई म्हणाल्याच होत्या. तरी दाबलं. जरा जरा. मध्येच टक् वाजलं, जीवच गेला माझा — ओंडका चिरला होता. शेवटी पात्याच्या पाठीची रेघ सरळ आली. होती तिथे ठेवून दिली.

संध्याकाळी आबांनी सुरी उचलली, बोटानं चाचपली आणि मूठ बसवायला घेतली.

९ मे

वऱ्हाड धुळ्याला गेलं. मी घर राखायला. हळदीलाही मागच्याच खोलीत होते. खिडकीतून हिलाल दिसला, पिवळ्या बोटांत सुरी. खूप रडले. देवा, त्याला सुखी ठेव.

१३ मे

पाहुणे गेले. आबा ओसरीच्या सावलीत सदऱ्याला बटण लावत होते. सुईत दोरा ओवला — पहिल्याच खेपेला. मी उंबऱ्यात थबकले. त्यांनी वर बघितलं, आणि मान खाली घालून टाका घातला.

त्यांना बाक दिसला होता. निखारेही ते विसरले नव्हते.