शेवटचा चांगला तुकडा

सोमवार

आलो एकदाचे. या वृद्धनिवासात मला नोकरी आणि आईला खोली, म्हणजे एका दगडात दोन पक्षी. खोली उजेडाची आहे, खिडकीतून अंगण दिसतं आणि समोरचं सायकलींचं दुकान. आईने गादी दाबून पाहिली, नळ सोडून पाहिला, आणि याला आश्रम म्हणायचं नाही, मी काही संन्यास घेतलेला नाही, असं मला बजावलं. झटका आल्यापासून तिचा उजवा हात उठत नाही, बोलणंही अडखळतं. टोमणे मात्र न अडखळता येतात.

माझी जागा कपडे धुण्याच्या खोलीशेजारी, साबणाच्या वासात. इथे प्रत्येक खोलीत एक कॅमेरा आहे. त्यातून येणारं चित्र आकाराने लहान करायचं, त्याचे तुकडे पाडायचे आणि नातेवाइकांच्या मोबाइलवर अखंड पोचवत राहायचं, हे माझं काम. आवाज नाही, नुसतं चित्र. सगळी अवजारं फुकटची, कुणीही घ्यावीत आणि उघडून बघावीत अशी. त्यांना बटणं नसतात, काळ्या खिडकीत एकेक ओळ टाइप करावी लागते. आईने ती खिडकी पाहिली आणि म्हणाली, एवढं शिकून शेवटी पाटीवरच लिहायला बसलीस.

माझा धाकटा भाऊ लांब नोकरीला असतो. त्याने लगेच मोबाइलवर आईला पाहून घेतलं. आईने कॅमेऱ्याकडे बघून कपाळाला आठ्या घातल्या. तो तेवढ्यावरही खूश झाला.

बुधवार

कॅमेरे जुने आहेत. तार जरा हलली की चित्र जातं, मोबाइल काळा पडतो आणि नातेवाइकांच्या पोटात गोळा येतो. बाबा बरे आहेत हो, फक्त कॅमेरा बंद आहे, हे सांगता सांगता मॅनेजरबाईंच्या नाकी नऊ आले होते. काळ्याऐवजी दुसरं काही दाखवता येईल का, असं त्यांनी विचारलं. न यायला काय झालं, म्हटलं.

दुपारभर बसून ते लिहून काढलं. चित्र तुटलं की रेकॉर्डिंगमधला शेवटचा चांगला तुकडा शोधायचा आणि कॅमेरा परत येईपर्यंत तोच गोल गोल फिरवायचा. चांगला म्हणजे काय, हे यंत्राला सांगावं लागतं. मी सांगितलं, ज्यात माणूस हलतंय आणि चेहरा कॅमेऱ्याकडे आहे तो. थोडी लबाडी आहे खरी, पण त्यात कुणाचं काय जातं? संध्याकाळपर्यंत एकही फोन आला नाही. मॅनेजरबाई स्वतः चहा घेऊन आल्या.

शुक्रवार

आईच्या शेजारच्या खोलीत मास्तर राहतात. आयुष्यभर शाळेत शिकवलं आणि आता आम्हा सगळ्यांना शिकवतात. भयंकर तिरसट माणूस. आईचं आणि त्यांचं पहिल्याच दिवशी वाजलं, म्हणजे दोघांना करमणूक झाली.

आज त्यांच्या मुलीचा फोन आला. बाबा काल दुपारभर तिला हात हलवून दाखवत होते म्हणे. तुम्ही आल्यापासून सुधारले, असंही म्हणाली. मला हसू आवरेना. काल दुपारी मास्तरांचा कॅमेरा बंद होता आणि तुकडा फिरत होता. त्यात ते माशी हाकलत आहेत.

गंमत सांगायला त्यांच्या खोलीत गेले तर ते भिंतीकडे तोंड करून बसलेले. चष्मा पुसायला घेतला होता, तो हात तसाच मांडीवर पडलेला. जड झालाय म्हणाले. माझी एकही चूक काढली नाही. ते मला आवडलं नाही.

रविवार

मास्तरांचा कॅमेरा अजून बंदच आहे. सहज म्हणून तुकडा उघडून पाहिला. मी कापला होता त्यापेक्षा तो लांब झालाय. माशी नाहीच. मास्तर कॅमेऱ्याकडे बघून नीट हात हलवतात, हसतात. मग चष्मा लावतात, पेपर उघडतात, पानं उलटतात. मूळ रेकॉर्डिंग पुन्हा पुन्हा चाळलं. यातलं काहीही त्यात नाही. माझी आज्ञा ती फाइल नुसती वाचते, तिच्यात कुणी काही लिहीत नाही. तरी ती वाढतेय.

त्यांच्या खोलीत गेले. पेपर मांडीवर, उलटा. सिस्टर त्यांना चमच्याने भरवत होत्या. कालपासून वाचायचं विसरलेत, असं त्या म्हणाल्या.

पडद्यावर जे करू लागतात ते इथे त्यांना जमेनासं होतं, असं मनात आलं. मीच मला वेड्यात काढलं.

मंगळवार

मास्तर गेले. नाश्त्याचा घास तोंडात होता. मॅनेजरबाईंनी मुलीला कळवलं तर ती चिडली. काहीतरी काय बोलता, बाबा आत्ता माझ्यासमोर पेपर वाचताहेत.

मी धावत जाऊन तुकडा थांबवला आणि पुसून टाकला. मग बाकीच्या खोल्या तपासल्या. सगळीकडे खरं चित्र. एका खोलीत तुकडा.

आईच्या.

परवा केर काढताना मीच पलंग सरकवला होता. तार तेव्हाच निघाली असणार. धाकट्याला फोन केला. तो म्हणाला, ताई, आई एकदम झकास आहे, आज उजव्या हाताने केस नीट केले.

आई पलंगावर पडलेली. आता तिचा डावा हातही उठत नाही.

बुधवार

लॅपटॉप आईच्या खोलीत आणला. तिचा हात हातात घेऊन तुकडा थांबवला. तिचा श्वास थांबला. सिस्टर धावत आल्या, छाती दाबू लागल्या. मी तुकडा पुन्हा चालू केला. श्वास आला. सिस्टरांना वाटतं, त्यांच्या हातांना यश आलं.

बंद केलं तर आई जाते. चालू ठेवलं तर थोडी थोडी जाते. इकडे आड, तिकडे विहीर, आणि आड मी खणलाय. मी. चहा पीत पीत.

गुरुवार

दुसरीकडे हलवू म्हटलं. डॉक्टर म्हणाले, वाटेत टिकणार नाही.

तार जोडली. तुकडा आपोआप थांबला, कॅमेरा सुरू झाल्याची ओळ काळ्या खिडकीत आली. आईचा श्वास चालू राहिला. जिवात जीव आला.

मग पडद्याकडे पाहिलं. आई खुर्चीत बसून स्वेटरची बटणं लावत होती. खोलीतली खुर्ची रिकामी. आई पलंगावर. मी कॅमेऱ्यासमोर उभी राहिले, काचेवर तळवा दाबून धरला. पडद्यावर काहीच झाकलं गेलं नाही. आईने शेवटचं बटण लावलं.

मॅनेजरबाईंना सगळं सांगितलं. त्यांनी मोबाइलवर पाहिलं. आई तर ठणठणीत आहेत, म्हणाल्या. तुम्ही रजा घ्या, झोप काढा.

शुक्रवार

सकाळी आई बोलली. बंद कर. इतकंच, पण दोनदा. नाही करवत मला. तिच्या उशीत तोंड खुपसून रडले.

धाकट्याचा फोन. तोही रडत होता, पण आनंदाने. पडद्यावरच्या आईने त्याच्याकडे बघून ओठ हलवले. आवाज नव्हता तरी त्याला कळलं. जेवलास का?

हे आईच विचारणार. दुसरं कोण विचारतं त्याला?

म्हणजे ती तिथे आहे. बहुतेक सगळी तिथे — आणि इथे जी उरलीय ती म्हणते बंद कर. कुणाचं ऐकू. दोघी आईच.

दुपार

आईचं चित्र थांबवायची ओळ टाइप केली. एंटरचं एक बटण दाबायचं राहिलंय. लॅपटॉप स्टुलावर, वही मांडीवर. धाकटा फोनवर, स्पीकर लावून. त्याला सगळं सांगितलं. नको ताई, नको, इतकंच म्हणतोय.

आता म्हणतो, ताई, तूही दिसतेस. आईच्या खुर्चीजवळ. समोर लॅपटॉप. हसतेस का, विचारतो.

मी हसत नाहीये.

हात जड झालाय. अक्षर बघ कसं —

पडद्यावरची आई मान हलवतेय म्हणे. नको नको करतेय. कुणाला. त्या ताईला. इथली आई माझ्याकडे एकटक —

नाही दाबणार. ठरलं. जितकी उरेल तितकी. मी बसेन हिच्याजवळ, भरवीन, पण मी हे बटण —

धाकटा ओरडतोय. ताई बटणावरचं बोट मागे घे, बोट मागे घे —

माझी बोटं पेनावर आहेत. दुसरा हात आईच्या हातात. मी नाही रे, ती तिकडची —

आईचा हात सैल