मैदानावरची मावशी

मलकापूर, ९ जानेवारी १९६५

आज खोटं बोलले. गरज नव्हती.

दिगूला संध्याकाळी नगरपालिकेच्या मैदानावर नेलं. बदली होऊन इथे आल्यापासून तो दवाखान्याच्या खिडकीतून तिथली लोखंडी घसरगुंडी बघतो आणि 'तिथं, तिथं' करतो. धावणं, चढणं डॉक्टरांनी बंद केलंय. नुसतं बसायला बंदी नाही. म्हणून गेलो.

थोडं चालला आणि उकिडवा बसला. त्याच्या हृदयात भोक आहे आणि फुप्फुसाकडे जाणारी वाट अरुंद. असं बसलं की त्याला बरं वाटतं. हे त्याला कुणी शिकवलेलं नाही.

बाकावर एक वयस्क बाई होत्या — पुष्पाबाई. नदीकाठी त्यांचा भाजीचा मळा आहे. नातीला, कुसुमला, खेळायला आणतात. दिगूकडे बघतच राहिल्या.

"लेकरू निळं काऊन दिसते वं? ओठ तर पाह्य, जांभूळ खाल्ल्यावानी!"

आजारी आहे, म्हटलं.

"कितीक वर्साचं?"

"सप्टेंबरात दोन पूर्ण झाली."

त्यांनी बोटं मोजली. "म्हंजे अष्टग्रहीत पोटात होतं! सारं गाव दारं लावून बसलं, अन् याची माय बाहेर हिंडली असन. तुह्यं हाय का?"

"बहिणीचं," मी म्हणाले.

रक्त तपासणं हे माझं काम. ग्रहांनी हृदयाला भोक पडत नाही, हे मला कुणी सांगायला नको. आठ ग्रह एका राशीत आले त्या अष्टग्रहीच्या तिन्ही दिवशी मी कामावर गेले होते — हसत. तरी तोंडातून निघालं ते हे!

१० जानेवारी

रविवार. हे वडनेरहून आले. त्यांच्या शाळेतल्या गमती सांगितल्या. मी मैदानाचं काही सांगितलं नाही.

१२ जानेवारी

मावशी होणं सोपं आहे. लिहू नये, पण लिहिते.

पुष्पाबाईंनी विचारलं, "बहीण कुठी रायते?"

"नागपूरला."

"अन् पोरगं तुह्यापाशी टाकून देल्लं? कशी माय हाय वं!"

"तिला काम फार असतं."

"काम! जीवापरीस काम? माह्यी सून असती तर मी तिले दाखवलं असतं काम."

"हो ना," मी म्हणाले. आणि आश्चर्य — बरं वाटलं. कुणीतरी त्या बाईला बोललं पाहिजेच होतं.

दिगू बसला की कुसुम आणि बाकीची पोरं त्याच्याभोवती उकिडवी बसतात. "दिगू बसला, बसा बे सारे!" त्यांना वाटतं हा खेळ आहे. सगळ्यांत शेवटी बसेल त्याच्यावर राज्य. दिगू खदखदून हसत होता. दवाखान्यात तो हसत नाही. तिथे मी पांढरा कोट घालून त्याचं बोट टोचते. कोट दिसला की तो आपणच बोट पुढे करतो. रडत नाही. रडला तर मला सोपं जाईल.

१६ जानेवारी

मैदानावरची सगळी पोरं मला मावशी म्हणतात. आज दिगूही म्हणाला — "मावशी, पाणी."

पुष्पाबाई ऐकत होत्या. मी पाणी दिलं.

घरी आल्यावर म्हटलं, मी कोण? "आई." आणि मैदानावर? "मावशी!" टाळ्या वाजवल्या. हुशार आहे.

१८ जानेवारी

मुंबईच्या इस्पितळातून उत्तर आलं. ४ फेब्रुवारीला भरती, दोन दिवसांनी शस्त्रक्रिया. आमच्या डॉक्टरांना सरळ विचारलं. म्हणाले, "न केली तर वर्ष, दीड वर्ष. केली तर दहांतले सात वाचतात."

"आणि तीन?"

"बाई, तुम्ही आकडे विचारता म्हणून मी सांगतो. एरवी सांगत नाही."

यांना पत्र टाकलं. तीनचा उल्लेख केला नाही.

२२ जानेवारी



मैदानावर गेले तर पुष्पाबाई टोपलीभर बोरं, मुरमुरे, रेवड्या घेऊन बसलेल्या. कुसुमचं बोरनहाण होतं. "याचंबी करून टाकू. याच्या मायले काय पडलं हाय? मीच करते." दिगूला पाटावर बसवलं, कुंकू लावलं, ओवाळलं. मी बाजूला उभी! माझ्या मुलाला दुसरीच बाई ओवाळते आहे आणि मी शेजारणीसारखी कौतुकाने बघते आहे.

डोक्यावरून बोरं ओतली. पोरं तुटून पडली. "उचल, राजा, उचल! तुह्यं हाय सारं!" पुष्पाबाई ओरडल्या. दिगूही वाकला, सरपटला, मूठ भरली, पुन्हा वाकला — आणि काळानिळा पडला. मान टाकली. मी त्याला उचलून त्याचे गुडघे छातीशी घट्ट दाबून धरले. किती वेळ, माहीत नाही. मी, जी सगळं मोजते. शेवटी श्वास लागला.

पुष्पाबाई मातीत बसून कपाळ बडवत होत्या. "म्या वाकवलं वं लेकराले! आता त्याच्या मायले काय तोंड दाखवू? म्या तिले नाई नाई ते बोलली, अन् म्याच तिचं लेकरू…! तिले सांगू नोको, माय. पाया पडते तुह्या."

एक वाक्य पुरलं असतं.

"नाही सांगणार," मी म्हणाले.

२३ जानेवारी

कालचं वाचलं. धावपळ बंद आहे हे पुष्पाबाईंना मी कधी सांगितलंच नव्हतं. सांगितलं असतं तर त्या आईसारखे प्रश्न विचारत बसल्या असत्या. चूक माझी. रडत होत्या त्या.

२ फेब्रुवारी

मैदानावर गेलो नाही. जाऊन सांगून यावं असं रोज ठरवते. नागपूरला बहीण नाही. बहीणच नाही. उद्या गाडी.

मुंबई, ४ फेब्रुवारी

बाहेरच्या बाकावर बसून लिहिते.

वॉर्डात मुलाजवळ फक्त आईला थांबता येतं. शाळेची तपासणी असल्याने हे उद्याच्या गाडीने येणार. मी एकटीनेच दिगूला आणलं. नर्स पांढऱ्या कपड्यांत जवळ आली तशी दिगूने बोट पुढे केलं. मग काय झालं कोण जाणे — मला गच्च धरलं आणि किंचाळला, "मावशी! मावशी, चल ना! मावशी!"

नर्स म्हणाली, "याची आई कुठाय?"

"मी आई."

"मग तो मावशी का म्हणतो?"

नर्सने त्याला माझ्यापासून सोडवलं. "मावशीला इथे थांबता येत नाही, बाई. आईला बोलवा." दार लावलं. आतून हाक येतच होती.

आत्ता समजलं. आई बोट टोचते. मावशी मैदानावर नेते. तो बरोबर माणसाला हाक मारत होता.

५ फेब्रुवारी

हे आले. "ही आईच आहे," त्यांनी सांगितलं. मग मला आत सोडलं. नंतर मी यांना सगळं सांगितलं, दहांतल्या त्या तिघांपासून बोरनहाणापर्यंत. मग म्हणाले, "पुष्पाबाईंना पत्र टाक." टाकलं. खरं तेवढंच लिहिलं.

६ फेब्रुवारी

सकाळी नेलं. अजून आतच आहे.

७ फेब्रुवारी

आत सोडलं. ओठ गुलाबी! नखंसुद्धा. डोळे उघडले, मला नीट ओळखलं.

"मावशी," म्हणाला.

मी ओ दिली.